फाटकापुढे मी पाव

सरकारी कागदावर आमच्या गावाचं नाव 'आंजी (मोठी)' असं लिहितात. त्यातली आंजी मोकळी आहे, वर्धा-आर्वी रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत निवांत उभी आहे. 'मोठी' मात्र दोन कंसांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी फाटक लागल्यासारखी अडकून पडली आहे. एकदा एका खिडकीवर अर्ज भरताना तिथले साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर कंस घेत नाही. मोठी काढून टाकू का?" मी म्हटलं, "साहेब, आधार काढून टाका, पण मोठी राहू द्या." आमच्या गावचा माणूस वाट्टेल ते सहन करील, मोठेपण काढलेलं सहन करणार नाही.

गावात फाटक आहे ते एवढंच, कंसाचं. रेल्वेचं नाही, कारण रेल्वेच नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या देशातल्या दोन मोठ्या रेल्वेवाटा आमच्या वर्धा जिल्ह्यातून जातात. काश्मीरचा माणूस, केरळचा माणूस, बंगालचा माणूस आमच्या जिल्ह्यातून झोपेत जातो. आंजीचा माणूस जागा असून त्याला गाडी दिसत नाही. इंग्रजांनी 1917 साली आर्वीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी नेली, तीही आमच्या रस्त्यानं नाही. पुलगावहून निघून विरूळ, रोहणा करत पस्तीस किलोमीटरची ती गाडी कापूस आणायला आर्वीला गेली. कापूस आमच्याकडंही होता. पण इंग्रजाला विचारणार कोण? आता ती छोटी गाडीही बंद पडली. तेव्हा 'आमच्याकडं नाही' या बाबतीत आर्वी आणि आंजी बरोबरीला आल्या, एवढंच समाधान.

तर अशा, रूळ नसलेल्या गावात रेल्वे फाटकाजवळ ट्रॅफिक सिग्नल असावा की नसावा यावर गेल्या महिन्यात पानठेल्यावर तीन दिवस चर्चा चालली. मराठी माणसाला एखाद्या विषयावर मत असायला तो विषय जवळ असावा लागत नाही. उलट तो लांब असला की मत जास्त ठाम असतं.

चर्चेचं कारण मीच होतो. जिल्ह्यातल्याच एका गावी लग्नाला निघालो होतो. स्कूटर, मागं बायको, बायकोच्या मांडीवर आहेराचं पितळी पातेलं. वाटेत फाटक. फाटकाला लागूनच एक चौक आणि चौकात नवाकोरा सिग्नल. आम्ही पोचलो आणि भोंगा वाजायला लागला.

भोंगा सुरू होणं आणि दांडा खाली टेकणं यांच्यामधला जो वेळ असतो, तो परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांसारखा असतो. आयुष्यभर ज्यांना कुठंच जायची घाई नव्हती त्यांना तेवढ्यात सगळं आठवतं. एक मोटरसायकल सरळ गेली, दुसरी मान खाली घालून गेली, तिसरीवरच्या पोरानं गाडी अशी आडवी केली की आरसा डांबराला टेकला. एका दूधवाल्यानं आधी स्वतः वाकून पलीकडे जाऊन मग कॅन ओढून घेतले. कॅनला बिचाऱ्याला वाकता येत नव्हतं. आमचा जिल्हा दारूबंदीचा; जवळजवळ पन्नास वर्षं इथं एक दांडा आडवा पडलेला आहे. तेव्हा दांड्याखालून वाकून पलीकडे जाणं ही आमच्याकडची जुनी विद्या, रेल्वेनं ती शिकवली नाही. त्या गर्दीत शांत उभी होती ती फक्त एक म्हातारी आणि तिच्या सात बकऱ्या. बकऱ्या बाभळीचा पाला खात होत्या. त्यांना लग्नाला जायचं नव्हतं.

"अहो, गाडी बंद करा ना. पेट्रोल का झाडाले लागते?" बायको मागून म्हणाली. मी बंद केली. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्या गाड्या सुरू. फाटक उघडेल त्या क्षणी आपण मागं पडू नये म्हणून माणसं वीस मिनिटं पेट्रोल जाळतात आणि दोन सेकंद वाचवतात.

तेवढ्यात आमची रांग आडवी वाढायला लागली. रस्त्याच्या डाव्या अंगाला जागा संपली म्हणून लोक उजव्या अंगाला आले. पलीकडच्या लोकांनीही तेच केलं. आता रुळांच्या अलीकडे पूर्ण रस्ताभर आम्ही, पलीकडे पूर्ण रस्ताभर ते. समोरासमोर दोन फौजा. मध्ये फक्त रेल्वे. पानिपतावर निदान असं फाटक नव्हतं, त्यामुळं तिथं एकदाचं काय ते होऊन गेलं.

गाडी आली. मालगाडी. कोळशाची. लगेच डबे मोजणं सुरू झालं. एक म्हणाला चोपन्न, एक म्हणाला अठ्ठावन्न. वाद तापत असतानाच शेवटचा डबा गेला, सगळ्यांनी गाड्यांना रेस दिली आणि फाटक काही उघडेना.

"काहून नाही खोलत?"

"दुसरी येऊन राहिली."

"कुठून?"

"तिकडून."

'तिकडून' या शब्दानं आमच्याकडं कोणाचंही समाधान होतं. माझं होईना. मी पातेलं आणि बायको दोन्ही स्कूटरपाशी ठेवून गेटमनच्या खोलीपाशी गेलो. म्हटलं, "भाऊ, एक मिनिट उघडा ना. लग्न आहे."

गेटमननं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमचं का?"

"नाही, भाच्याचं."

"मग तर घाईच नाही." आणि मग बहुधा माझ्या चेहऱ्याची दया येऊन त्यानं मला जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "काकाजी, लोकायले वाटते का गाडी येते म्हणून मी फाटक लावतो. तसं नाही हाय. मी फाटक लावून कुलूप घातलं का मंग गाडीले सिग्नल भेटते. फाटक लागलंच नाही तर गाडी तिकडं लाल दिव्यापाशी उभी राहते. अन् एकदा तिले सिग्नल भेटला का मंग मले सोताले फाटक खोलता येत नाही. चावीच निघत नाही. तुमचं लग्न असो नाही तर माहं."

मी गप्प झालो. इतकी वर्षं माझी समजूत होती की फाटकापाशी मी गाडीची वाट पाहतो. इथं कळलं, ज्या दिवशी आम्ही दहा जण दांड्याखालून घुसत राहतो आणि फाटक टेकायला दोन मिनिटं जास्त लागतात, त्या दिवशी हजार माणसांची एक्सप्रेस तिकडं सिग्नलपाशी आमच्यासाठी थांबते. आतली माणसं खिडकीतून बाहेर बघून म्हणत असतील, "काहून नाही सुटत?" आणि कोणी तरी म्हणत असेल, "फाटक नाही लागलं." "कुठलं?" "तिकडचं."

गेटमनच्या टेबलावर फोन होता आणि आकड्यांचा कागद. स्टेशनमास्तर आणि तो एकमेकांना एक-एक गुप्त आकडा सांगतात, दोघंही लिहून ठेवतात. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, हा आकडा प्रत्येक घरात नवरा-बायकोला द्यायला हवा.

दुसरी गाडी गेली. फाटक वर गेलं. मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. पानिपत सगळ्यांनी वाचलेलं आहे. फक्त एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या बाजूचे जे शूर आधी सुटले ते रूळ ओलांडून चौकात गेले आणि तिथला तो नवाकोरा सिग्नल लाल झाला. पुढचे थांबले. त्यांच्या मागचे थांबले. त्यांच्या मागचा ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॅक्टरची ट्रॉली रुळांवर राहिली. ट्रॉलीत वरातीतली पोरं बसलेली, फेटे बांधलेली, शेंगदाणे खाणारी. रुळांवर. सिग्नलवर आकडे उतरत होते: अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस. गेटमन खोलीतून हातवारे करत ओरडत होता. पोरांना वाटलं तो वरातीत नाचतो आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

काही झालं नाही. सिग्नल हिरवा झाला, ट्रॉली हलली. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगतीची तिसरी पाळी सुरू होती आणि बुंदी संपली होती.

पानठेल्यावर मी हे सांगितलं आणि दोन पक्ष पडले. एक म्हणे, प्रत्येक फाटकाजवळ सिग्नल पाहिजेच. दुसरा म्हणे, एकही नको. पहिल्या पक्षाचं म्हणणं, "लाल दिवा दिसला का माणूस थांबते." दुसऱ्याचं, "एवढा मोठा दांडा आडवा पडूनबी जो थांबत नाही, तो मोसंबीएवढ्या दिव्यानं थांबन का?"

मग खर्च निघाला. खर्च निघाला की आमच्याकडं चर्चेला रंग चढतो. खांब, तीन दिवे, आकडे दाखवणारी पाटी, तारा, बॅटरी, वीज गेली तर सोलर. इथपर्यंत सगळे गंभीर होते. मग एकानं लोकार्पणाचा मंडप धरला, दुसऱ्यानं शाल-श्रीफळ, तिसऱ्यानं कोनशिला. हिशेब संपला तेव्हा कोनशिला सिग्नलपेक्षा महाग झाली होती. "अन् मंग तो सिग्नल नुसता पिवळा लुकलुकते," ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला. "म्हंजे चालू हाय का बंद?" त्यावर कोणाकडंच उत्तर नव्हतं. लुकलुकता पिवळा म्हणजे खरं तर 'हळू, जपून जा'. पण आमच्याकडं त्याचा अर्थ 'लोकार्पण झालं' असाच घेतात. पुढं त्या खांबाला भावी सभापतींच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागतं आणि तिन्ही दिवे त्यांच्या फेट्यामागं जातात.

ठेल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाजी बसतात. ते एरवी बोलत नाहीत, रेल्वेत होते म्हणून वेळेवर बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, फाटक ठेवायचं की त्यावर पूल बांधायचा याचं रेल्वेचं एक गणित आहे. चोवीस तासांत फाटकावरून किती गाड्या जातात आणि रस्त्यावरून किती वाहनं, यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखाच्या वर गेला की पुलाचा विचार, आणि खर्च रेल्वे आणि राज्य यांनी निम्मानिम्मा. समजा शंभर रेल्वेगाड्या आणि हजार वाहनं, झाला लाख.

"पण वाहनं मोजायची कशी?" मी विचारलं.

"रेल्वेगाडी एक. मोटार एक. बैलगाडी एक. टांगा एक. ऑटोरिक्षा अर्धा. स्कूटर पाव."

ठेल्यावर शांतता पसरली. म्हणजे राजधानी एक्सप्रेस एक आणि आमच्या गावची बैलगाडीही एक. पंचवीस लाखांच्या मोटारीत एसी लावून बसलेला माणूस आणि कडबा घेऊन निघालेला शेतकरी, रेल्वेच्या वहीत दोघं सारखे. गांधीजी 1936 साली आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिले ते फुकट गेलं नाही, असं मला वाटलं. ते वाटणं फार टिकलं नाही, कारण माझ्याकडं स्कूटर आहे.

घरी जाऊन बायकोला सांगितलं, "अगं, आपण पाव."

"दोघं मिळून?"

"दोघं मिळून. पातेल्यासकट."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण बैल का नाही घेत?"

दुसऱ्या दिवशी मी काकाजींना गाठलं. म्हटलं, रस्त्याच्या सिग्नलचा आणि रेल्वेचा संबंध काय? ते म्हणाले, "मायलेकरांचा." आणि खरंच तसं आहे. जगातला पहिला वाहतूक सिग्नल लावला लंडनला, पार्लमेंटसमोर, डिसेंबर 1868 मध्ये. तो लावणारा जे. पी. नाइट हा रेल्वेतला माणूस. त्यानं रेल्वेचाच सिग्नल उचलून चौकात आणला: दिवसा हात वरखाली करणारा खांब, रात्री लाल-हिरवा गॅसचा दिवा, आणि चालवायला खाली एक पोलीस. महिनाभरात, 2 जानेवारी 1869 ला, गॅसचा स्फोट होऊन तो पोलीसच भाजला. त्यानंतर लंडननं पन्नासावर वर्षं पुन्हा सिग्नलचं नाव काढलं नाही. त्या वेळी लोकार्पणाचं फ्लेक्स नव्हतं हे नशीब, नाही तर तेही पेटलं असतं.

रंगही माहेरचेच. जुन्या रेल्वेत लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे खुशाल जा. पण लाल दिव्याची काच निखळली तर आतला दिवा पांढराच दिसणार आणि ड्रायव्हर खुशाल जाणार. असा घोळ झाला म्हणूनच पांढऱ्याला काढलं, असं सांगतात. मग हिरव्याला बढती मिळाली. आज आपल्या चौकात तो हिरवा दिसतो तो बढती मिळालेला जुना कारकून आहे, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

रस्त्याचा कायदाही रेल्वेपुढं वाकलेला आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 131 आहे. राखणदार नसलेल्या फाटकापाशी वाहन थांबवायचं, कंडक्टर, क्लीनर किंवा सोबतच्या माणसानं चालत रुळापर्यंत जायचं, दोन्हीकडून गाडी किंवा ट्रॉली येत नाही ना ते बघायचं आणि मग वाहनाला वाट दाखवत पलीकडे न्यायचं. सोबत कोणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. मी हे वाचून दाखवल्यावर ठेल्यावरच्या एका काकानं मुलाकडं पाहून म्हटलं, "जा बे पोट्ट्या, पाहून ये." पोरगा म्हणाला, "रूळ कुठं हाय?" आता ब्रॉडगेजवरची राखणदार नसलेली सगळी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. पण कलम आहे आणि पाटीही आहे. बिनराखणीच्या फाटकाच्या त्या लाल त्रिकोणी पाटीवर अजून वाफेचं इंजिन काढलेलं असतं. रुळांवरची वाफ कधीच विझली, पाटीवरचं इंजिन अजून धूर सोडतं.

एवढं सगळं होऊनही मूळ प्रश्न शिल्लकच होता. फाटकाजवळ सिग्नल असावा की नसावा?

काकाजींनी खिशातून काडीपेटी काढली. दोन काड्या शेजारी ठेवल्या, हे रूळ. पुढं तंबाखूची डबी, हा चौक. मध्ये सुपाऱ्यांची रांग लावली. "हा सिग्नल लाल झाला का रांग कुठपर्यंत येते?" रांग काड्यांवर आली होती. "आता गाडी येऊन राहिली. या तीन सुपाऱ्यायनं कुठं जाव?" पुढं जागा नाही, मागं जागा नाही. आम्हाला माझी ट्रॉली आठवली. काकाजी म्हणाले, फाटकाजवळच्या सिग्नलचं काम वाहनं थांबवणं हे नाहीच. गाडी यायच्या आधी रुळावरची वाहनं पुढं काढून देणं हे त्याचं पहिलं काम. त्यासाठी फाटकातून सिग्नलला तार पाहिजे. फाटक लागायला लागलं की सिग्नलनं आकडे-बिकडे सोडून आधी रुळाकडच्या रांगेला हिरवा द्यायचा, चौक मोकळा करायचा आणि मगच त्या बाजूला लाल व्हायचं. तार नसली तर तो सिग्नल मदत करत नाही, लोकांना नेमका रुळावर उभा करतो.

हे गमतीचं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्ह या गावी 25 ऑक्टोबर 1995 ला सकाळी शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या लाल सिग्नलला थांबली. बसचा मागचा भाग रुळावर राहिला होता. तिथं तार होतीही, पण गाडी येईपर्यंत बसला निघायला वेळ पुरला नाही. सात मुलं गेली. काकाजींनी हे सांगितलं तेव्हा ठेलेवाल्याचा चुन्याचा हात थांबला. भरधाव रेल्वेगाडी ब्रेक लावल्यावर एखादा किलोमीटर गेल्याशिवाय थांबत नाही. ड्रायव्हरला ट्रॉली दिसते, फेटे दिसतात, हात हलवणारी पोरं दिसतात, आणि त्याच्या हातात शिट्टीशिवाय काही नसतं.

मी त्या दिवसाचा हिशेब मांडला. फाटकावर आमच्या बाजूला साठेक वाहनं होती, वीस मिनिटं थांबली. बाराशे मिनिटं, म्हणजे वीस तास. एका दुपारी एका फाटकानं एका बाजूचे वीस तास खाल्ले. मला वाटलं होतं हा फार मोठा खर्च आहे. पण त्या ट्रॉलीत फेटे बांधलेली नऊ पोरं होती. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे तास मी मोजायला घेतले आणि वही मिटली.

आंजीला रूळ नाहीत, म्हणून आमचा ठराव कुठंच पाठवायचा नाही असं ठरलं. पण तुमच्या गावात असतील, तर एवढं करा. चौकात सिग्नल लावायचा असेल तर कोनशिला लहान करा आणि त्या पैशात फाटकापासून सिग्नलपर्यंत तार ओढायला सांगा. तार ओढली नसेल तर लोकार्पणाला जाऊ नका. फाटकापाशी गाडी बंद करा, आपल्या डाव्या अंगाला उभे राहा, आणि रुळाच्या पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी दिसल्याशिवाय रुळावर चाक घालू नका. मागचा भोंगा वाजवेल, वाजवू द्या. तुम्ही स्कूटरवर असलात तर रेल्वेच्या वहीत पावच आहात. घरी मात्र तुम्ही अख्खे परत यायला पाहिजे.